तुमच्या प्रयोगाचे पैसे कोण देतं? कृषी संशोधनाचा निधी समजून घेऊया

मागच्या ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी चालू होती. मी वजनकाटा, पोती आणि वही घेऊन बांधावर बसले होते. माझ्या पीएचडीचे प्रयोग काही शेतकऱ्यांच्या रानात आहेत. प्रत्येकाकडे दोन पट्टे, एक रुंद सरी-वरंब्यावर म्हणजे बीबीएफवर पेरलेला आणि दुसरा नेहमीच्या सपाट पद्धतीनं. दोन्हींचं उत्पादन, ओल आणि खर्च मोजायचा. वजन लिहून झालं आणि ज्यांचं रान आहे त्या काकांनी विचारलं, "ताई, पुढच्या साली पण येताल ना?"

मी "हो काका" म्हणाले खरं, पण मला उत्तर माहीत नव्हतं. प्रकल्पाची मुदत मार्चमध्ये संपत होती आणि मुदतवाढीचं पत्र आलेलं नव्हतं. परतीच्या एसटीत लक्षात आलं की सांख्यिकीचे, मृदाशास्त्राचे, संशोधन पद्धतीचे सगळे पेपर आपण पास झालो, पण आपल्या प्रयोगाचा पैसा कुठून येतो, कधी येतो आणि का थांबतो हे कुणी शिकवलंच नाही. जे कळलं ते ऑफिसच्या खिडकीपाशी उभं राहून कळलं.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या नेट, सेट किंवा पेटची तयारी करत असाल. विषय निवडण्याआधी हे एकदा वाचा. मला कुणी आधी सांगितलं असतं तर निदान एक खरीप वाचला असता.

आधी मूळ प्रश्न : सरकारनं पैसे का द्यायचे?

बियाणं विकणाऱ्या कंपन्या आहेत, खतवाले आहेत, औषधवाले आहेत. मग संशोधन त्यांनीच करावं, असं तोंडी परीक्षेतही विचारतात. "शेतकरी गरीब आहे म्हणून" हे उत्तर देऊ नका, ते अर्धवट आहे.

कापसाचं उदाहरण घ्या. संकरित बियाणं दरवर्षी नवं घ्यावं लागतं, कारण घरचं धरलं तर पुढच्या पिढीत गुण टिकत नाहीत. म्हणून त्यात कंपनीला दरवर्षी गिऱ्हाईक मिळतं आणि ती संशोधनात पैसे घालते. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर खासगी कंपन्या या क्षेत्रात किती वेगानं वाढल्या ते आपण पाहिलंच. आता सोयाबीन घ्या. हे स्वपरागीत पीक आहे. एकदा चांगलं वाण आणलं की शेतकरी पुढची दोन-तीन वर्षं घरचंच बी वापरतो आणि पावण्यारावळ्यांनाही देतो. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानंही त्याला तो हक्क दिलेला आहे. मग कंपनीनं दहा वर्षं खर्च करून सोयाबीनचं वाण का काढावं?

माझ्या विषयात तर विकण्यासारखं काहीच नाही. "चार ओळींनंतर सरी सोड, पाऊस जास्त झाला तर पाणी निघून जाईल आणि खंड पडला तर ओल टिकेल" हे ज्ञान बाटलीत भरता येत नाही. एकानं केलं की शेजारी बांधावरून बघून करतो. समाजाला फायदा मोठा, पण ज्यानं शोधलं त्याला एक रुपया मिळत नाही. अर्थशास्त्रात याला सार्वजनिक वस्तू म्हणतात. जिथं ज्ञान अडवून ठेवता येत नाही, तिथं बाजार पैसे घालत नाही. सार्वजनिक निधीचं खरं कारण हे आहे.

ही रचना आली कुठून?

थोडा इतिहास, कारण आजच्या बऱ्याच भानगडी त्यातूनच आल्या आहेत.

अमेरिकेत १८६२ मध्ये मॉरिल कायदा झाला. केंद्र सरकारनं राज्यांना रोख पैसे दिले नाहीत, जमीन दिली. संसदेतल्या प्रत्येक सदस्यामागे ३०,००० एकर. ती विकून आलेल्या पैशातून शेती आणि यंत्रविद्येची कॉलेजं काढायची. कॉलेजं निघाली, पण शिकवायचं काय? प्रयोग केल्याशिवाय शिकवायला नवं काही मिळेना. म्हणून १८८७ मध्ये हॅच कायदा आला आणि प्रत्येक राज्यातल्या प्रयोग केंद्राला वर्षाला १५,००० डॉलर मिळू लागले. प्रयोग झाले, पण ते शेतकऱ्यापर्यंत जाईनात. म्हणून १९१४ मध्ये स्मिथ-लीव्हर कायद्यानं विस्तारकार्यासाठी वेगळा पैसा दिला आणि राज्यांनाही आपला हिस्सा घालायला लावला.

शिक्षण, मग संशोधन, मग विस्तार हा क्रम लक्षात ठेवा. विस्तार तिथंही सगळ्यात शेवटी आला, पहिल्या कायद्यानंतर ५२ वर्षांनी.

आपल्याकडे १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा इथं संशोधन संस्था निघाली. शेतीविषयक रॉयल कमिशनच्या शिफारशीनंतर १९२९ मध्ये आजची भारतीय कृषी संशोधन परिषद, म्हणजे आयसीएआर, स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर अमेरिकेच्या या नमुन्यावर १९६० मध्ये पंतनगरला पहिलं राज्य कृषी विद्यापीठ उभं राहिलं. महाराष्ट्रात राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी आणि दापोली १९७२ अशी चार विद्यापीठं झाली. सुरुवातीच्या काळात महाराष्ट्राला साहाय्य करणारं अमेरिकी विद्यापीठ होतं पेन्सिल्व्हेनिया स्टेट. या चौघांमध्ये समन्वय ठेवायला पुण्यात महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद आहे.

एक फरक मात्र राहिला. अमेरिकेत विस्ताराची मुख्य यंत्रणा विद्यापीठाला जोडलेली आहे. आपल्याकडे गावात रोज दिसणारा माणूस राज्याच्या कृषी विभागाचा. विद्यापीठ शोधतं, कृषी विभाग पोहोचवतो. मधला पूल कुणी सांभाळायचा हा प्रश्न तेव्हापासून आहे.

पैसा चार नळांनी येतो

तुम्ही कुठल्याही कृषी विद्यापीठात गेलात तर पैसा साधारण या चार वाटांनी येतो.

१. राज्य सरकारचं अनुदान. प्राध्यापकांचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार, निवृत्तिवेतन, वीज, प्रक्षेत्राची देखभाल. विद्यापीठाचा सर्वात मोठा आधार हाच, आणि त्यातला मोठा वाटा पगारातच जातो. जागा रिक्त राहिल्या की प्रयोग कागदावर राहतात, ते यामुळे.

२. आयसीएआरचे अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प. १९५७ मध्ये मक्यापासून ही पद्धत सुरू झाली. आज सोयाबीन, ज्वारी, कोरडवाहू शेती अशा बहुतेक विषयांना आपापला समन्वित प्रकल्प आहे. विद्यापीठातल्या केंद्रांसाठी ७५ टक्के केंद्र आणि २५ टक्के राज्य अशी विभागणी असते. फायदा असा की एकच वाण देशभर अनेक ठिकाणी सारख्या पद्धतीनं तपासलं जातं. तोटा असा की राज्याचा २५ टक्के हिस्सा अडला तर काम लंगडतं.

३. स्पर्धेतून मिळणारे प्रकल्प. विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, जैवतंत्रज्ञान विभाग, राष्ट्रीय कृषी विकास योजना (२००७ पासून), आणि आता २०२३ च्या कायद्यानं आलेलं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान, ज्यात जुनं एसईआरबी विलीन झालं. मुदत साधारण तीन वर्षं. आपल्यासारखे जेआरएफ, एसआरएफ बहुधा याच नळावर.

४. कृषी विज्ञान केंद्रं. पहिलं केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरीत निघालं, आज देशात ७३० हून अधिक आहेत. पैसा आयसीएआरचा, पण चालवणारा कुणीही असू शकतो : विद्यापीठ किंवा स्वयंसेवी संस्था. बारामती, बाभळेश्वर, नारायणगाव, जालन्याजवळचं खरपुडी ही आपल्याकडची केंद्रं संस्थांनी चालवलेली आहेत.

केंद्राचा पैसा किती? कृषी संशोधन व शिक्षण विभागाची (म्हणजे ज्याच्याखाली आयसीएआर येते त्याची) २०२४-२५ च्या अंदाजपत्रकातली तरतूद सुमारे ९,९४१ कोटी रुपये होती. आकडा मोठा वाटतो, पण पगार, निवृत्तिवेतन, शंभराहून अधिक संस्था आणि देशभरातली केंद्रं यांत वाटून बघा. प्रत्यक्ष रानातल्या प्रयोगापर्यंत काय उरतं, याचा अंदाज येईल.

तीन वर्षांचा प्रकल्प आणि आंब्याचं झाड

पहिल्या दोन नळांना आपण कायमचा पैसा म्हणूया आणि तिसऱ्याला मुदतीचा. मुदतीचा पैसा बरा, कारण त्यात स्पर्धा असते आणि हिशोब द्यावा लागतो, असं पुष्कळांना वाटतं. मलाही वाटायचं.

आता वेंगुर्ल्याचं बघा. तिथलं फळ संशोधन केंद्र १९५७ मधलं. हापूसमध्ये साका होतो ही कोकणातल्या बागायतदारांची जुनी डोकेदुखी. तिथल्या शास्त्रज्ञांनी नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना हे वाण काढलं, ते प्रसारित झालं १९८१ मध्ये. मग रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर केला आणि त्यातून अगदी बारीक कोय असलेलं सिंधू आलं, १९९२ मध्ये. कलम लावा, वाढू द्या, फळ धरू द्या, बरीच वर्षं फळ तपासा. तीन वर्षांच्या प्रकल्पात आंब्याचं रोप जेमतेम कमरेइतकं होतं! मधल्या काळात शास्त्रज्ञ निवृत्त होतात, सरकारं बदलतात, पण झाडाला पाणी घालणारा माणूस दरमहा पगारावर असावा लागतो.

म्हणजे काही प्रश्न मुदतीच्या पैशात बसतात आणि काही बसतच नाहीत. एखाद्या कीटकनाशकाची चाचणी तीन हंगामांत होईल. जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढतो का, हे तीन वर्षांत नीट कळणार नाही. तुमचा विषय कुठल्या प्रकारचा आहे, ते नोंदणीआधी ओळखा.

जून आणि मार्चचं भांडण

सरकारचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि मार्चला संपतं. खरिपाचं वर्ष मृगात सुरू होतं. या दोघांचं काही केल्या जमत नाही.

होतं असं : मार्चमध्ये वर्ष संपलं की खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं, तोच तो जीएफआर १२-अ नमुना. त्यावर वित्त अधिकाऱ्याची सही, लेखापरीक्षण, मग ते निधी देणाऱ्या कार्यालयात जाणार, तिथं तपासलं जाणार आणि मग पुढचा हप्ता. हे सगळं विनाअडथळा झालं तरी काही महिने जातात. इकडे जूनमध्ये पाऊस पडतो, वाफसा येतो आणि पेरणीला चार-पाच दिवस मिळतात. बियाणं, ट्रॅक्टरचं भाडं, मजुरी, सगळं रोख.

माझ्या दुसऱ्या खरिपात हप्ता ऑगस्टच्या शेवटी आला. तोवर मी शिष्यवृत्तीतून बियाणं घेतलं, मजुरांची मस्टरं नंतर भरू म्हणून गाईडसरांनी पदरचे पैसे दिले आणि एका शेतकऱ्याचा पट्टा आठ दिवस उशिरा पेरला गेला. त्या पट्ट्याचा डेटा मला वगळावा लागला. प्रबंधात ते एका ओळीत येईल : "पेरणीच्या तारखेतील फरकामुळे एक स्थळ विश्लेषणातून वगळले." त्या ओळीमागे एक अडकलेला हप्ता आहे, हे परीक्षकांना कळणार नाही.

यात कुणी एक खलनायक नाही, बरं का. जनतेचा पैसा आहे, हिशोब मागितलाच पाहिजे. प्रश्न एवढाच की तो हिशोब पिकाच्या कॅलेंडरला जुळवून मागता येईल का.

विस्तार : अंदाजपत्रकातली शेवटची ओळ

प्रकल्पाचा प्रस्ताव लिहिताना खर्चाची ठरलेली शीर्षकं असतात. मनुष्यबळ, उपकरणं, आकस्मिक खर्च, प्रवास, संस्थेचा ओव्हरहेड. शेतकरी मेळावा, शिवार फेरी, घडीपत्रिका यांना मिळालीच तर एक छोटी ओळ मिळते, आणि कपात झाली की पहिली कात्री तिच्यावर चालते.

याची किंमत काय, हे बीबीएफच्याच इतिहासात दिसतं. काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा आणि सरीची पद्धत हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत १९७० च्या दशकात विकसित झाली. शास्त्र पक्कं होतं. पण ती बैलानं ओढायच्या एका बहुउद्देशी चाकांच्या अवजारावर बेतलेली होती, आणि ते अवजार साध्या तिफणीच्या मानानं फार महाग होतं. प्रयोगक्षेत्रावर झकास चाललं, शेतकऱ्यानं काही घेतलं नाही. पुढे ट्रॅक्टर गावोगाव आले, ट्रॅक्टरवर चालणारी बीबीएफ पेरणी यंत्रं आली, तेव्हा कुठं ही पद्धत आपल्या सोयाबीनच्या पट्ट्यात दिसू लागली. मधली कित्येक वर्षं ज्ञान होतं, पण "हे तुम्हाला परवडेल का?" हा प्रश्न बांधावर जाऊन वेळेत विचारला गेला नाही.

म्हणून विस्तार म्हणजे शेवटी वाटायची घडीपत्रिका नव्हे. ती संशोधनाचीच एक पायरी आहे, फक्त उलट्या दिशेनं माहिती आणणारी. कृषी विज्ञान केंद्रांच्या शेतावरील चाचण्या आणि आद्यरेषीय प्रात्यक्षिकं याच कामासाठी आहेत. तुमच्या विषयाला जवळचं केंद्र कोणतं, ते पहिल्या वर्षीच शोधा आणि तिथल्या विषय विशेषज्ञांशी बोला. माझ्या प्रश्नावलीतले निम्मे प्रश्न अशा एका भेटीनंतर बदलले.

एक रुपयाला १३.८५ रुपये?

२०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत एक आकडा आहे : कृषी संशोधनात (शिक्षणासह) घातलेल्या प्रत्येक रुपयामागे १३.८५ रुपयांचा परतावा मिळतो. भाषणांत हा आकडा खूप वापरतात. आपण संशोधक आहोत, तेव्हा जरा जपून वाचूया.

पहिली गोष्ट, ही सरासरी आहे. पुढचा रुपया कुठल्या प्रकल्पात घातला तर किती मिळेल, हे ती सांगत नाही. दुसरी, उत्पादन वाढतं ते वाण, पाणी, रस्ते, भाव आणि विस्तार या सगळ्यांमुळे. त्यातला संशोधनाचा वाटा वेगळा काढायचा तर मॉडेल लागतं, आणि मॉडेल म्हटलं की गृहीतकं आली. तिसरी, खर्च आज होतो आणि फळ दहा-वीस वर्षांनी. मधला काळ किती धरता, त्यावर उत्तर हलतं.

याचं जुनं उदाहरण म्हणजे झ्वी ग्रिलिकेस यांचा १९५८ चा संकरित मक्यावरचा अभ्यास. त्यात वर्षाला ७०० टक्के परतावा असा आकडा आला आणि तो जगभर गाजला. पण तो एका विशिष्ट पद्धतीनं मांडलेला होता. त्याच माहितीवरून अंतर्गत परतावा दर काढला तर तो ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपास येतो. दोन्ही बरोबर आहेत, फक्त दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. शिवाय संकरित मका हा निवडून घेतलेला यशस्वी प्रयोग होता. जे शेकडो प्रयोग फसले, त्यांचा खर्चही कुठंतरी धरायला हवा. आकडा कमी झाला तरी मुद्दा टिकतो. ३५ टक्के देणारी गुंतवणूक सरकारकडे दुसरी कुठं आहे?

नोंदणीआधी विचारायचे सहा प्रश्न

गाईडना हे विचारायला लाजू नका. चांगले गाईड उलट खूश होतात.

१. माझ्या विषयाचा पैसा कुठल्या नळातून येणार? मुदत कधी संपते?
२. माझी शिष्यवृत्ती प्रकल्पाशी बांधलेली आहे की माझ्या नावावर आहे? यूजीसी-नेटची जेआरएफ (२०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये) तुमच्यासोबत राहते. प्रकल्पातली जागा प्रकल्पासोबत संपते.
३. पेरणीच्या वेळी हप्ता नसेल तर काय करायचं? विद्यापीठाकडून उचल मिळते का?
४. किमान किती हंगाम लागतील, आणि एक हंगाम पावसानं खाल्ला तर?
५. शेतकऱ्याच्या रानात प्रयोग असेल, तर ज्या पट्ट्यात उत्पादन कमी येईल त्याची भरपाई कुठल्या शीर्षकातून?
६. निष्कर्ष शेतकऱ्याला सांगायला परत जायचं तर त्या प्रवासाचे पैसे प्रस्तावात आहेत का?

शेवटचे दोन प्रश्न मी विचारले नव्हते. माझ्या प्रस्तावात त्यांची तरतूदही नव्हती.

मुदतवाढ अखेर आली, पण पैशांशिवाय. म्हणजे काम पूर्ण करायला वेळ मिळाला, नवा हंगाम घ्यायला निधी नाही. फेब्रुवारीत मी एका रविवारी एसटीनं काकांच्या गावी गेले. त्यांच्या दोन पट्ट्यांचे तीन हंगामांचे आकडे मराठीत एका कागदावर लिहून नेले होते. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, खर्चाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "यंत्राचं भाडं तुम्ही पैल्या सालचं धरलंय. आता वाढलंय की."

बरोबर होतं. परत येऊन तो तक्ता नव्यानं केला. तीन हंगामांत माझ्या कामाची इतकी नेमकी तपासणी दुसऱ्या कुणी केली नव्हती, आणि तिच्यासाठी लागलेलं एसटीचं तिकीट कुठल्याच शीर्षकात बसत नाही. तुमचा प्रस्ताव लिहाल तेव्हा त्या तिकिटासाठी एक ओळ ठेवा.

पुढच्या लेखात मंजुरीपत्र ओळीओळीनं कसं वाचायचं ते बघू. तोवर तुमच्या विद्यापीठात हप्त्यांचं गणित कसं चालतं, ते वरच्या वर्गातल्या मुलांना विचारून ठेवा.